पंचेचाळीस सेंटिमीटर

१

सोमवारची सकाळ म्हणजे पाळणाघरात रडारडीची वेळ. दोन दिवस घरी लाडात राहिलेली मुलं दारातच पाय घट्ट रोवून उभी राहतात. ताईच्या कडेवर एक होतं, गुडघ्याला एक बिलगलेलं होतं आणि तिसऱ्याचं नाक पुसणं चाललं होतं, तेवढ्यात पोस्टमनने लांबूनच लिफाफा पुढे केला.

ताई म्हणजे पाळणाघराची मालकीण. मुलं तिला ताई म्हणायची, मुलांचे आईबाप ताई म्हणायचे, त्यामुळे आता भाजीवालाही ताईच म्हणायचा. तिने लिफाफा दाताने फाडला आणि उभ्याउभ्याच वाचायला घेतलं.

'आपल्या केंद्राने नवीन अनुदान धोरणाचे संमतीपत्र विहित मुदतीत, म्हणजे पंधरा तारखेपर्यंत, सादर केलेले नाही. सबब आपले नाव पुढील सत्रापासून अनुदानित केंद्रांच्या यादीतून वगळण्यात येत आहे. आपल्याकडील जागा परिसरातील इतर केंद्रांना वाटून देण्यात येतील. आक्षेप असल्यास बुधवारी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहावे.'

तिने पुन्हा वाचलं. मग कडेवरचं मूल तसंच घेऊन ती फळ्यापाशी गेली. तिथे विभागाचं चार पानी परिपत्रक टाचणीने लावलेलं होतं. तिसऱ्या पानावर, परिच्छेद सहामध्ये, तिने स्वतःच लाल पेन्सिलीने गोल केला होता: संमतीपत्र सादर करण्याची अंतिम तारीख, तीस.

आज होती अठरा तारीख.

नवं धोरण आलं तेव्हा ताईला आभाळ ठेंगणं झालं होतं. आजवर तीन वर्षांपुढच्या मुलांचाच खर्च सरकार उचलायचं. आता दोन वर्षांपासूनच्या मुलांचाही उचलणार होतं, तोही आठवड्याला तीस तास. मात्र जुनी योजना बंद, आणि नवीत यायचं तर संमतीपत्र हवं. ताईकडे बेचाळीस मुलं होती. त्यातली अडतीस अनुदानावर. ती गेली की उरलेल्या चार मुलांसाठी दिवा तरी कशाला लावायचा?

अकरा वाजेपर्यंत तिचा फोन सहा वेळा वाजला. सगळ्या छोट्या पाळणाघरांच्या बायका. सगळ्यांना तेच पत्र. सगळ्यांच्या परिपत्रकावर तीस तारीख. मोठ्या केंद्रांपैकी मात्र एकालाही असं पत्र आलेलं नव्हतं.

सहाव्या फोननंतर ताईने सातवा फोन स्वतः लावला.

"मावशी, ये. आत्ता ये."

"कुणी पडलंय का?"

"मी पडलेय."

२

मावशी एकतीस वर्षं पाळणाघरांची तपासनीस होती. तिच्या पर्समध्ये कायम पोलादी टेप असायची. खिडकीची कडी, जिन्याची पायरी, दोन खाटांमधलं अंतर, सगळं ती स्वतः मोजायची, म्हणून गावभर तिचं नाव पडलं होतं टेपबाई. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी जुन्या संचालिका तिला रस्त्यात बघून नकळत पाठ ताठ करायच्या.

ती आली, बसली नाही. फळ्यासमोर उभी राहून चष्मा नाकावर खाली ओढला.

"हे परिपत्रक तुला कधी मिळालं?"

"पाच तारखेला. त्या दिवशी पाळणाघरांच्या संघटनेची बैठक होती. आम्हा छोट्या सात जणींना जाता येत नाही, मुलं कुणावर सोडायची? म्हणून सचिवबाई स्वतः गाडी काढून प्रत्येकीच्या दारात देऊन गेल्या."

"विभागाच्या संकेतस्थळावर बघितलं नाहीस?"

"ते महिनाभर दुरुस्तीसाठी बंद आहे, मावशी."

"आणि हे खाली काय लावलंयस?"

परिपत्रकाखाली अर्ध्या पानाचं एक शुद्धिपत्रक होतं. बारा तारखेचं, विभागाकडून टपालाने थेट आलेलं. मावशीने ते मोठ्याने वाचलं. "'परिपत्रकाच्या परिच्छेद सातमध्ये मुलांच्या वॉशबेसिनची उंची चोपन्न सेंटिमीटर अशी छापली गेली आहे. ती पंचेचाळीस सेंटिमीटर अशी वाचावी.' बरं. आता तुझ्या परिपत्रकातला परिच्छेद सात वाच."

ताईने वाचला. "'वॉशबेसिनची उंची जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर.'"

"परत वाच."

"पंचेचाळीसच आहे, मावशी. बरोबर तर आहे."

"बरोबर आहे, हीच तर भानगड आहे," मावशी म्हणाली. "तुझ्या कागदात चूक नाहीच. मग सरकारने दुरुस्ती कशाची पाठवली?"

ते दोन कागद गेले चार दिवस ताईच्या डोळ्यांसमोर एकावर एक लटकत होते.

मावशीने टाचणी काढली आणि चारही पानं खिडकीच्या उजेडात धरली. पहिलं, दुसरं आणि चौथं पान एकसारखं. तिसऱ्या पानाच्या ओळी किंचित दाट होत्या, समास बोटभर कमी होता.

"हे पान विभागाचं नाही. कुणीतरी बसून नव्याने टाइप केलंय. तारीख बदलायला."

"कुणी?"

"ते शोधायला आपल्याकडे दीड दिवस आहे," मावशी म्हणाली. "चप्पल घाल. मदतनीस आहे ना, तिच्या जोडीला दोन दिवस कुणा आजीला बसव."

३

सचिवबाईंचं केंद्र दोन गल्ल्या सोडून होतं. बावीस वर्षांचं, स्वच्छ, नांदतं. सचिवबाईंनी ताईला बघितलं आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"अगं, मला कळलं. सकाळपासून घास उतरला नाही बघ माझ्या गळ्याखाली. सातच्या सात जणी! मी बुधवारी येणार आहे तुमच्या बाजूने बोलायला."

त्यांनी चहा मागवला. मावशीने चहा घेता घेता बारीक आवाजात विचारलं, "ती परिपत्रकं तुमच्या हातात आली कशी?"

"विभागाच्या खिडकीवरून. तिथला कारकून आहे ना नवीन, त्याने बारा प्रती सुट्या दिल्या, मोठ्या केंद्रांसाठी. आणि सात लिफाफे वेगळे. डिंकाने चिकटवलेले, वर नावं घातलेली. मी म्हटलं, बरं झालं, छोट्यांची आठवण ठेवली. मी काय, नुसती पोस्टमन." मग त्यांनी दाराकडे बघून आवाज उतरवला. "बोलू नये, पण कारकून कुणाचा मेहुणा आहे, ठाऊक आहे ना? काचवाल्यांचा."

काचवाले म्हणजे मुख्य रस्त्यावरच्या नव्या बालकेंद्राचे मालक. तीन मजली इमारत, पुढून सगळी काच. छोटी पाळणाघरं बंद पडली तर मुलं जाणार कुठे, याचं उत्तर रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसत होतं.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. "मावशी, झालं तर मग! चल त्यांच्याकडे."

मावशी मात्र उठून मुलांच्या हात धुण्याच्या जागेकडे गेली होती. तिने टेप काढली, बेसिनला लावली.

"पंचेचाळीस. शाबास."

"बावीस वर्षं झाली," सचिवबाई हसल्या. "झोपेतून उठवून विचारा."

निघताना मावशी जिन्यापाशी थांबली. जिन्याला नवा रंग होता आणि वरच्या दाराला कुलूप.

"वर काय आहे?"

"काही नाही हो," सचिवबाई म्हणाल्या. "रिकामंच आहे."

या वेळी त्या हसल्या नाहीत.

४

काचवाले दिलखुलास माणूस. आरोप ऐकण्याआधीच त्यांनी दोघींना तिन्ही मजले दाखवले.

"मी कशाला कुणाच्या जागा पळवू? माझ्याकडे शंभर मुलांची प्रतीक्षायादी आहे! मेहुणा विभागात आहे, कबूल. दोन महिन्यांपूर्वी पाणीपट्टीच्या खात्यातून बदलून आलाय. त्याला मुलांतलं ओ की ठो कळत नाही. आणि खरं सांगू? मलाही नाही. मी बांधकामातला माणूस. म्हणून मी सगळं कागदात लिहिल्याबरहुकूम करतो."

जेवणाची वेळ झाली होती. चकचकीत बेसिनांसमोर मुलांची रांग होती, आणि प्रत्येक मूल टाचा उचलून, छाती बेसिनच्या काठावर टेकवून हात धूत होतं. पाणी कोपरावरून थेट काखेत उतरत होतं. एक मुलगी तर मैत्रिणीच्या पाठीवर चढली होती.

मावशीचा चेहरा एकदम उजळला. तिने टेप लावली.

"चोपन्न!"

"चोपन्न म्हणजे चोपन्नच," काचवाले अभिमानाने म्हणाले. "परिच्छेद सात. नवं परिपत्रक आलं त्याच आठवड्यात सगळी बेसिनं उखडून पुन्हा बसवली."

"आणि बारा तारखेचं शुद्धिपत्रक?"

"ते काय असतं?"

तिथून दोघी विभागाच्या कार्यालयात गेल्या. खिडकीमागचा कारकून तरुण होता, आणि संशय आपल्यावर आहे हे ऐकताच तो घामाघूम झाला.

"लिफाफे? कसले लिफाफे? मी एकच गठ्ठा दिला, मॅडम. एकोणीस प्रतींचा, सुतळीने बांधून. मीच टाइप केलं होतं ते परिपत्रक. नोंदवहीत सही घ्यायची राहिली, ते चुकलंच माझं."

"म्हणजे गठ्ठा दिला याला तुझ्याखेरीज साक्षीदार नाही."

"नाही," तो पुटपुटला.

मावशीने त्याच्याकडून मूळ परिपत्रकाची एक प्रत मागून घेतली. परिच्छेद सहामध्ये पंधरा तारीख. परिच्छेद सातमध्ये चोपन्न.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर ताईचा धीर सुटला. "तो खोटं बोलतोय. कसा घाबरला होता बघितलंस ना? पण सिद्ध कसं करायचं? तो म्हणणार गठ्ठा दिला, सचिवबाई म्हणणार लिफाफे दिले. कुणाचा शब्द खरा?"

"दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, हे खरं," मावशीने टेप पर्समध्ये टाकली. "आणि कोण, ते मला कळलंय. तू काय कर, उद्या संध्याकाळपर्यंत सातही जणींचं तिसरं पान गोळा करून आण. आणि बुधवारी नीट कान देऊन ऐक. मी चुकले तर तूच मला सावरायचंस."

५

बुधवारी सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं. टोकाला विभागाचे साहेब, एका बाजूला सातही जणी, दुसऱ्या बाजूला सचिवबाई, कारकून आणि मावशीच्या विनंतीवरून बोलावलेले काचवाले.

साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना बाराला दुसरी बैठक होती. "तुमच्याकडे चुकीचा कागद आला, मान्य. पण तो आमच्याकडूनच आला याला पुरावा काय? नियम सगळ्यांना सारखा."

"मला तीन माणसांना एकेक प्रश्न विचारू द्या," मावशी म्हणाली. "एकच प्रश्न, तिघांना. कागद न बघता उत्तर द्यायचं."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली.

"तू सांग," मावशी कारकुनाकडे वळली. "मुलांच्या बेसिनची उंची किती?"

"चोपन्न," तो म्हणाला. मग गडबडला. "नाही, काहीतरी बदल आला होता ना... शुद्धिपत्रक मोठ्या साहेबांनी काढलं. मला आकडा आठवत नाही."

"तुम्ही?"

"चोपन्न!" काचवाले म्हणाले. "बसवलीत ना मी!"

"आणि सचिवबाई, तुम्ही?"

"पंचेचाळीस, अर्थातच," सचिवबाई जराशा तोऱ्यात म्हणाल्या. "यात विचारण्यासारखं काय आहे?"

मावशीने फक्त ताईकडे बघितलं.

आणि ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती उठली. तिने सात तिसरी पानं टेबलावर ओळीने मांडली आणि त्यांच्या डोक्याशी विभागाचं मूळ पान ठेवलं.

"साहेब, तुमच्या मूळ कागदावर चोपन्न आहे. आमच्या सातही कागदांवर पंचेचाळीस. हे कागद आम्हाला पाच तारखेला मिळाले. तुमची दुरुस्ती निघाली बारा तारखेला. म्हणजे तुमच्या विभागालाच अजून स्वतःची चूक कळली नव्हती, तेव्हा आमच्या पानावर बरोबर आकडा होता. तो आला कुठून?"

साहेबांनी चष्मा लावला.

"यांनी केलं असतं," तिने कारकुनाकडे बोट केलं, "तर मूळ फाइल यांच्याच संगणकात होती. पंधराचे तीस केले असते आणि मोकळे झाले असते. अख्खं पान पुन्हा टाइप कशाला करतील? आणि चोपन्न होतं तसंच राहिलं असतं, कारण ते चूक आहे हे यांना आजही माहीत नाही. काचवाल्यांचंही तेच. त्यांनी तर चोपन्नवर विश्वास ठेवून भिंती फोडल्या. हे पान अशा माणसाने टाइप केलंय, ज्याच्याकडे फाइल नव्हती, नुसता छापील कागद होता. त्यावरून एकेक ओळ उतरवावी लागली. आणि परिच्छेद सातला आल्यावर बोटांनी आपणहून पंचेचाळीस लिहिलं. डोळ्यांना चोपन्न दिसलंच नाही, कारण हाताला बरोबर आकडा पाठ होता."

साहेबांनी सातही पानं एकेक करून मूळ पानाशी ताडून पाहिली.

"विभागापासून आमच्या दारापर्यंत हा कागद दोनच माणसांच्या हातात होता," ताई म्हणाली. "एकाला उंची माहीत नाही. दुसऱ्याला झोपेतून उठवलं तरी माहीत आहे."

सचिवबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "हा काय पुरावा झाला? पंचेचाळीस इथे या सातही जणींना माहीत आहे!"

"आहे ना," मावशी म्हणाली. "पण स्वतःचंच नाव यादीतून उडवायला यांतली कुणी कागद बदलेल का? साहेब, यांच्या केंद्रातला संगणक मागवा. ते पान तिथे असेल. नसलं तर मी भर चौकात यांची माफी मागेन."

साहेबांनी फोनकडे हात नेला.

"नको," सचिवबाई म्हणाल्या. "वरचा मजला दोन वर्षं बांधला मी. परवानगी मिळाली, मुलं मिळाली नाहीत. या सत्रात जागा भरल्या नाहीत तर परवानगी रद्द होणार होती. मोठ्यांशी मी टक्कर घेऊ शकत नव्हते. तुम्ही सगळ्या माझ्यावर विश्वास टाकून बसला होतात, म्हणून... तेच सोपं होतं."

ताईला वाटलं होतं, या क्षणी तिला चीड येईल. आली ती निराळीच भावना. या बाईने तिला पहिल्या वर्षी हजेरीपट कसा भरायचा ते शिकवलं होतं.

"मागितली असती मुलं, तर दिली असती हो," ती म्हणाली. "माझ्याकडे दर महिन्याला पाच जण परत जातात, जागा नाही म्हणून."

सचिवबाईंनी तोंडावर हात धरला.

साहेबांनी बाराची बैठक पुढे ढकलली. तिथल्या तिथे त्यांनी टिपण लिहून घेतलं: सातही केंद्रांची नावं यादीत कायम, संमतीपत्रं आजच स्वीकारली जातील, सचिवबाईंची स्वतंत्र चौकशी होईल, आणि यापुढे प्रत्येक परिपत्रक प्रत्येक केंद्राला विभागाकडून थेट जाईल, मधे कुणी नाही. कारकुनाने सात कोरी संमतीपत्रं आणली आणि या वेळी नोंदवही न विसरता आणली. सात जणींनी एकामागून एक सह्या ठोकल्या. एकीने पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं, आणि साहेबांसकट सगळे हसले.

दारातून बाहेर पडताना काचवाल्यांनी मावशीला हळूच गाठलं. "ते पंचेचाळीस... नक्की ना?"

"नक्की."

"म्हणजे सगळी पुन्हा उखडायची?"

"सगळी," मावशी आनंदाने म्हणाली.

६

संध्याकाळी पाळणाघराच्या फाटकाशी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. बातमी फुटलेली होती, पण अर्धीच. पाळणाघर बंद होणार एवढंच लोकांना ठाऊक होतं. एक आजोबा नातवाची पिशवी छातीशी धरून उभे होते. शहर बस चालवणारी एक आई गणवेशातच आली होती. तिने ताईला बाजूला घेतलं.

"ताई, मी उद्या डेपोत राजीनामा देतेय. लिहून ठेवलाय. याला सांभाळायला दुसरं कुणी नाही माझ्याकडे. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं."

ताईने मुलांची एक लाकडी खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढली. खुर्ची करकरली.

"ऐका!" ती ओरडली. सकाळी रडणाऱ्या तीस मुलांवर चालवायचा आवाज होता तो. रस्त्यापलीकडचा माणूसही थांबला. "पाळणाघर बंद होत नाहीये! आपलं नाव यादीत आहे. सातही जणींचं आहे. एकही मूल इथून जाणार नाही. आणि पुढच्या सत्रापासून दोन वर्षांच्या मुलांचाही खर्च सरकारचा, आठवड्याला तीस तास!"

आजोबांनी पिशवी हवेत उडवली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. आतल्या मुलांना काय झालं ते कळलं नाही, पण टाळ्या चालल्यात म्हटल्यावर तीही खिडकीच्या गजांना धरून उड्या मारायला लागली आणि जीव तोडून किंचाळायला लागली.

बसवाली आई मात्र जागची हलली नव्हती. तिने गणवेशाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, तो उघडला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा नीट वाचला. मग फाटकाच्या खांबावर सपाट धरून त्याचे दोन तुकडे केले, दोनाचे चार, चाराचे आठ. तिचा मुलगा धावत येऊन पायाला बिलगला.

"आई, काय फाडतेस?"

"काही नाही," ती म्हणाली आणि त्याला खांद्यावर उचलून घेतलं. "चल, आज बस तू चालवायची. हॉर्न तू वाजवायचा!"